शेरा

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे टाकून अरवलीच्या बुटक्या, झिजलेल्या टेकड्यांपाशी येतो, तेव्हा मानेसर लागते. एकेकाळी शेतांच्या मध्ये बसलेले हे गाव आता मोटारींच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी वेढलेले आहे. कमांडोंचा तळ इथे आहे. मेंदूविषयी संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्रही इथेच आहे. द्राक्षाच्या वेलीचा आणि या गावाचा तसा काही संबंध नाही. हरियाणात 1996 पासून 1998 पर्यंत दारूबंदी होती, त्या काळात तर या रस्त्यावर उघडपणे बाटलीचे बूचही निघाले नसते. पण दिल्लीच्या विमानतळाला जवळ, मोठ्या सभागृहांची सोय असलेली आणि शहराच्या गजबजाटापासून थोडी बाजूला अशी जागा म्हणून परिषदा आणि मेळावे इथल्या हॉटेलांत भरतात. अशाच एका हॉटेलच्या लांबरुंद दालनात, नोव्हेंबरातल्या एका धुरकट सकाळी, त्या वर्षीच्या तांबड्या वाइनची परीक्षा मांडलेली होती.

दालनाच्या खिडक्या घट्ट बंद होत्या. बाहेरच्या हवेत जळलेल्या तणाचा आणि डिझेलचा वास होता आणि तो आत आला असता, तर परीक्षाच व्यर्थ गेली असती. टेबलांवर पांढरीशुभ्र कापडे अंथरली होती. ती शोभेसाठी नव्हेत. पेला तिरपा धरून खाली पांढरे दिसले, तरच वाइनच्या कडेचा रंग नीट वाचता येतो. प्रत्येक परीक्षकापुढे एकसारखे पेले, पाणी, पावाचे कोरडे तुकडे आणि एक पिकदाणी. बाटल्या आडोशाला होत्या आणि गळ्यापर्यंत कापडी पिशव्यांत गुंडाळलेल्या होत्या. दिंडोरी, अकलूज, कर्नाटकातील नंदीच्या टेकड्या, कुठून कुठून त्या आल्या होत्या. पण टेबलापर्यंत येताना त्यांचे गाव, घराणे, किंमत हे सगळे मागे राहिले होते. पुढे यायचा तो फक्त एक क्रमांक.

पाच जणांच्या एका टेबलावर निफाड तालुक्यातला एक परीक्षक बसला होता. वय साठीच्या घरात. बाकीचे चौघे या व्यवसायाच्या शहरी बाजूचे होते. एक मोठ्या हॉटेलात वाइन निवडून देणारा, एक परदेशी वाइन आयात करणारी, एक हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षक आणि पंचप्रमुख म्हणून बसलेले एक वयस्क गृहस्थ. या पाचांत माती हाताला लागलेला तो एकटाच होता. ही गोष्ट त्याला सकाळपासून थोडी सुखावत होती, आणि दुपारनंतर तीच त्याला टोचणार होती.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाचे बीशी वैर असते. त्या मुलखाची सगळी समृद्धी बिनबियांच्या द्राक्षावर उभी राहिली. थॉमसन या वाणाची बाग म्हणजे घराची पत. त्याच वाणातून पुढे तासगावकडे बोरगावच्या एका बागायतदाराने ‘तास-ए-गणेश’ निवडून काढले, सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये ‘सोनाका’ निघाले, आणि लांब, पातळ सालीचा, दातांखाली कुरकुरणारा मणी ही द्राक्षाची व्याख्याच होऊन बसली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्कांच्या योजना झाल्या, आणि या मुलखात शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशी जिभेला वळण देणारी नावे आली. त्यांचे मणी लहान, साल जाड, आणि आत चांगल्या दोन-तीन बिया. खाणाऱ्याने फेकून द्यावे असे हे फळ. याने आपल्या बागेतले दोन एकर त्या फळाला दिले, तेव्हा वडिलांनी मणी तोंडात टाकला, बिया हातावर काढल्या आणि काही न बोलता त्या बांधावर टाकून दिल्या.

त्या बियांनीच पुढे त्याला शिकवले. खायच्या द्राक्षात 16 ते 18 ब्रिक्स साखर उतरली की व्यापारी दारात येतो. वाइनचे द्राक्ष 22 ते 24 पर्यंत वेलीवर थांबवावे लागते. पण साखर ही अर्धीच गोष्ट. नाशिकच्या फेब्रुवारीतले ऊन असे असते, की साखर भराभर चढते आणि बी मात्र हिरवेच राहते. रिफ्रॅक्टोमीटरवरचा आकडा शेतकऱ्याला म्हणतो, तोड. बी म्हणते, थांब. पिकलेले बी तपकिरी होते आणि दाताखाली भाजल्या हरभऱ्यासारखे कडकन फुटते. हिरवे बी चिकटते, आणि त्याचा कडवटपणा घशात उतरून बसतो. तांबडी वाइन सालीसह आणि बियांसह आंबवली जाते. सात-आठ दिवस, कधी त्याहून अधिक, रस त्या गाळात मुरतो, वर तरंगणाऱ्या सालींचा थर दिवसातून अनेकदा खाली दाबला जातो, आणि सालीत व बीत जे असेल, ते सगळे रसात येते. म्हणून तोडणीच्या दिवशी बी कसे होते, हे पेल्यात लपत नाही.

परीक्षा सुरू झाली. पहिल्या काही पेल्यांत जांभळी झाक होती. ती कोवळेपणाची खूण. तांबडी वाइन वयात येते तसा तिच्या कडेचा जांभळा रंग ओसरतो आणि विटकरी छटा चढते. इथे सगळ्याच नऊ-दहा महिन्यांच्या. जानेवारी ते मार्च या काळात वेलीवरून उतरलेल्या, उन्हाळा टाकीत किंवा पिंपात काढलेल्या, आणि काही तर बाटलीत जेमतेम महिनाभर बसलेल्या. पेला फिरवायचा, नाक आत घालायचे, एक घोट घेऊन तो सगळ्या तोंडात खेळवायचा, आणि थुंकून टाकायचा. मग तक्ता भरायचा. रंगरूप, गंध, चव आणि एकूण ठसा, असे मिळून शंभर गुण. तक्त्याच्या तळाशी शेऱ्यासाठी चार ओळींची जागा होती. बहुतेक जण ती रिकामी ठेवत होते.

कोवळ्या तांबड्या वाइनचा पहिला घोट कधीच गोड बोलत नाही. तोंड आक्रसते, हिरड्या कोरड्या पडतात, जीभ जाड झाल्यासारखी वाटते. सालीतले आणि बीतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटते आणि लाळेचा निसरडेपणाच हिरावून घेते. पाश्चात्य शास्त्र म्हणते की ही चव नव्हे, हा स्पर्श. आपल्याकडे मात्र या अनुभवाला रसांच्या पंक्तीत मानाची जागा आहे. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त यांच्या जोडीला सहावा कषाय, म्हणजे तुरट. हिरडा, सुपारी, कच्चे केळे, जांभळाची साल ज्याने चाखली आहे, त्याला तुरटपणाचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. जांभळाचा तुरटपणा जिभेला झोंबून निघून जातो आणि मागे गोडी ठेवतो. कच्च्या केळ्याचा तुरटपणा नुसता चिकटून राहतो, मागे काही ठेवत नाही. कोवळ्या वाइनची सारी पारख या दोहोंतला भेद ओळखण्यात आहे. जे कठोर आहे, पण काळाने मृदू होईल, ते एक. आणि जे कच्चे आहे, काळाने नुसते जुने होईल, ते दुसरे. दोन्ही तोंड सारखेच आक्रसवतात.

आणि काळ तर परीक्षकाच्या हातात नसतो. त्याला दोन-तीन मिनिटांत पुढच्या पाच वर्षांविषयी बोलायचे असते. या कामात भल्याभल्यांची त्रेधा उडालेली आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून ठेवल्या, आणि तांबड्या वाइनमध्ये ‘स्टॅग्ज लीप’ या कॅलिफोर्नियातील घराण्याची 1973 ची कॅबर्ने पहिली आली. बोर्दोच्या वाइन अजून कोवळ्या आहेत, त्यांना वय येऊ द्या, मग पाहा, असे तेव्हा फ्रान्सच्या बाजूने म्हटले गेले. ते म्हणणे अगदीच निराधार नव्हते. टॅनिनला सवड लागते, हे खरेच. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच वाइन लंडनमध्ये आणि कॅलिफोर्नियातील नापामध्ये पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली आली ती ‘रिज माँटे बेलो’ची 1971 ची वाइन, कॅलिफोर्नियाचीच, आणि 1976 मध्ये पाचव्या क्रमांकावर राहिलेली. म्हणजे काळाने निवाडा फिरवला खरा. पण ज्यांनी काळाचा हवाला दिला होता, त्यांच्या बाजूने नव्हे.

अकराच्या सुमारास पेले उचलायला एक तरुण आला. हॉटेलच्या अभ्यासक्रमातला, प्रशिक्षणासाठी आलेला. परीक्षकाच्या छातीवरच्या चिठ्ठीतले आडनाव वाचून तो थबकला आणि हळूच मराठीत म्हणाला, “सर, तुम्ही नाशिककडचे का?”

“निफाडचा. तू?”

“चांदवडचा.” ‘सर’ तिथेच गळून पडले. पिकदाणी बदलताना तो म्हणाला, “काका, एक विचारू? सगळी थुंकूनच टाकायची, तर करायची कशाला एवढी?”

परीक्षक हसला. पण उत्तर त्याला सुचले नाही, आणि तेवढ्यात सत्ताविसावा पेला पुढे आला.

तो पेला त्याला नाकानेच ओळखीचा वाटला. पहिल्या पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीचा वास, त्यामागे करवंद, थोडी मिरी. तोंडात ती वाइन कठोर होती, बंद होती, एखाद्या अबोल पोराने मान खाली घालून उभे राहावे तशी. तिच्या मागे काहीतरी आहे, असे त्याला वाटले. आणि आपल्याला ते दिसते आहे, बाकीच्यांना नाही, याचा एक छोटासा अभिमानही वाटला. त्याने 86 गुण दिले. बाकीचे चौघे 71 आणि 74 यांच्यामध्ये होते. इतके अंतर पडले की कारण विचारण्याची रीत असते. पंचप्रमुखांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, की हिचे टॅनिन जोरकस आहे, दोन वर्षे द्या. आयात करणाऱ्या बाई म्हणाल्या, की मला तर ते नुसते हिरवे लागले. शिक्षकांना कशाचीच खात्री नव्हती. वाद वाढला नाही. पंचप्रमुखांनी आपल्या कागदावर काहीतरी टिपून घेतले आणि पुढचा पेला मागवला.

दुपारचे जेवण झाले. जेवणानंतरच्या फेऱ्या सर्वांत अवघड असतात. तांबड्या वाइनचा तुरटपणा घोटागणिक साचत जातो. पाव आणि पाणी घेऊनही जीभ पुरती धुऊन निघत नाही, आणि दहावी वाइन पहिलीपेक्षा अकारण कठोर ठरू शकते. या भीतीने तो प्रत्येक पेल्याआधी थोडा थांबत होता. एक्केचाळिसाव्या पेल्यापाशीही तो असाच थांबला. मग वास घेतला. ढोबळी मिरची चिरावी तसा हिरवा वास आधी आला. कॅबर्ने पुरती पिकण्याआधी तोडली, की येतो तो. रंग सुरेख होता, अंगही भरलेले होते. पण घोट गेल्यावर घशात जो कडवटपणा राहिला, तो त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. हिरवे बी. कच्चे केळे, जांभूळ नव्हे. त्याने 73 गुण दिले, आणि आपण नेमके बोट ठेवले, अशा समाधानाने पेला बाजूला सारला.

फेरी संपल्यावर पंचप्रमुख त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “सत्तावीस आणि एक्केचाळीस एकच होती. मीच पुन्हा ठेवायला सांगितली होती.”

हे ऐकून बाकीच्यांनी काही म्हटले नाही. ज्यांनी ही परीक्षा पुष्कळदा दिलेली असते, ते अशा वेळी हसत नाहीत. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन या वाइन बनवणाऱ्या प्राध्यापकांनी तिथल्या राज्य जत्रेच्या स्पर्धेत नेमका हाच प्रयोग कित्येक वर्षे केला होता. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांपुढे, त्यांना न सांगता, तीनदा ठेवायची. 2008 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दिसून आले की साधारण दहांतला एकच परीक्षक तिन्ही वेळा त्या वाइनला एकाच पदकाच्या पायरीवर ठेवू शकला होता. बाकीचे खोटे होते असे नव्हे. जीभ थकते, आधीच्या पेल्याची सावली पुढच्यावर पडते, आणि गंधाचा धागा तर थेट आठवणीला जाऊन भिडतो.

पण निफाडच्या त्या परीक्षकाला या आकड्याचा आधार घ्यावासा वाटला नाही. आपली जीभ सकाळी थकलेली नव्हती, हे त्याला ठाऊक होते. सकाळी भिजलेल्या मातीचा वास आला आणि त्याने वाइन चाखणे तिथेच थांबवले होते. पुढचे 86 गुण त्याने गावाला दिले होते. बाटलीवरचे नाव झाकता येते, तिची पिशवी बांधता येते. पण परीक्षकाच्या मनावर पिशवी कोण बांधणार? दुपारी वास हिरवा आला, गाव मध्ये आले नाही, आणि म्हणूनच त्याला बी दिसले.

आणि बी दिसले, तशी एक जुनी गोष्टही आठवली. त्याच्या स्वतःच्या बागेतली. तोडणीला आठ-दहा दिवस होते आणि आभाळ भरून आले होते. गारपीट म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला सांगावे लागत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिले. त्या वर्षी, त्याच्याही आधी, त्याने साखरेचा आकडा पाहिला, पुरेसा आहे असे मनाला पटवले आणि रातोरात मजूर लावून माल उतरवला. गारा पडल्याच नाहीत. आभाळ दोन दिवसांत निवळले. माल ज्या कारखान्यात गेला, तिथून पैसे कमी आले, आणि पुढच्या वर्षी मागणीच आली नाही. का, ते कुणी सांगितले नाही. मग 2008 ची मंदी आली, वाइनचा खप कोसळला, नाशिककडे कितीतरी बागा उपटल्या गेल्या, आणि त्याच्याही दोन एकरांवर कुऱ्हाड चालली. आपल्या मालात उणे काय होते, हे त्याला पुढे कळले. स्वतः वाइनच्या तळघरात नोकरीला लागून, बी चावायला शिकून, चार-पाच वर्षांनी. तेव्हा एखाद्याने चिठ्ठीवर एक ओळ लिहून पाठवली असती, तर? बागा उपटल्या गेल्या त्या मंदीने. तरी त्या एका ओळीची उणीव त्याच्या मनातून कधी गेली नव्हती.

एक्केचाळीस क्रमांकाची वाइन पदकाच्या रेषेखाली राहिली. ते योग्यच होते. आभाळ भरून आले होते म्हणून गुण वाढवता येत नाहीत. पेल्यात आभाळ नसते. दया आली म्हणून दिलेले पदक शेवटी त्या वाइन बनवणाऱ्यालाच फसवते. तो पुढच्या वर्षीही त्याच दिवशी तोडणी करतो. पण नुसते 73 हेदेखील पुरे उत्तर नव्हते. तो आकडा फक्त एवढेच सांगतो, की तू उतरला नाहीस. कुठे उतरला नाहीस, ते सांगत नाही.

त्याने तक्ता पुन्हा पुढे ओढला. तक्ते उत्पादकांना पाठवले जाणार आहेत, असे आयोजकांनी सकाळी सांगितले होते. तळाच्या चार ओळींत त्याने लिहिले: ‘रंग आणि अंग उत्तम. बाग चांगली आहे. साखर उतरली होती, पण बी हिरवे होते. तोडणी आठवडाभर लवकर झाली. पुढच्या वेळी साखर मोजून झाल्यावर बी चावून पाहावे.’ लिहून झाल्यावर त्याला सकाळपासून प्रथमच हलके वाटले.

संध्याकाळ झाली होती. बाहेर धुरकट उजेडात महामार्गावरच्या मालमोटारींचे दिवे लागले होते. दालनात उरलेल्या बाटल्यांच्या पिशव्या अजून सोडलेल्या नव्हत्या. चांदवडचा मुलगा तक्ते गोळा करत आला. एक्केचाळीसचा कागद उचलून त्याने तो वाचला आणि त्याच्या कपाळावर एक आठी उमटली.

“काका, हे तर मराठीत लिहिलंय.”

“मग?”

“बाटली बेंगळुराकडची असली, तर त्यांना कसं कळायचं?”

परीक्षक क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. गाव पुन्हा एकदा मध्ये आले होते, आणि या वेळी ते पकडले होते एका पोराने. मग तो मोकळेपणाने हसला, कागद परत मागून घेतला, आणि मराठी ओळींच्या खाली, उरलेल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरांत तोच शेरा इंग्रजीत लिहू लागला. मुलगा पेल्यांचा ट्रे हातात धरून त्याचे लिहून होईपर्यंत थांबला.